पाचशे उंबरे

बियांगची आई वारली तेव्हा नदीला पूर होता. कालुम्पांग ही त्या काळी नुसती वाडी. चर्च, पाद्री, कब्रस्तान, सगळं नदीपलीकडे सान रोमानला. तीन दिवस प्रेत घरात ठेवावं लागलं. बांबूच्या तक्तपोशीवर केळीची पानं अंथरली, खांबांवरच्या घराखाली ओल्या सालींचा धूर करत ठेवला, आणि घरातली माणसं आळीपाळीनं माश्या वारत बसली. चौथ्या दिवशी पाणी उतरलं. होडीतून पलीकडे नेलं तर पाद्री नाकाला रुमाल लावून म्हणाला, "इतका उशीर का केलात?"

बियांगनं आईच्या अंगावरची पानं सारखी केली. घरी परतताना होडीतच तिनं नवऱ्याला सांगितलं, "आपलं गाव वेगळं झालं पाहिजे. पुन्हा कुणाला असं नेलेलं मला नकोय."

क्रिसांतोला ते सांगायची गरज नव्हती. वाडीत दर पन्नास घरांमागे एक म्होरक्या असे, काबेसा; तो त्यातला एक. स्पेनच्या राजाची पट्टी गोळा करायची, वेठीला माणसं पाठवायची, सान रोमानच्या चर्चची भिंत पडली की इथून माणसं न्यायची, हे सगळं त्याच्याकडे. भिंत त्यांची, घाम आमचा, असं तो नेहमी म्हणायचा. सहा वर्षांत त्यानं तीन अर्ज केले. तिन्ही कुठे गेले कुणास ठाऊक. चौथ्याचं उत्तर आलं.

ते घेऊन तो आला तेव्हा बियांग उखळात भात कांडत होती. त्यानं शिडीवर पाय धुतले, वर आला आणि कागद मांडीवर ठेवून बसला.

"हो म्हणालेत?" तिनं विचारलं.

"पाचशे उंबरे असतील तर हो."

"आणि आहेत किती?"

"चारशे अठ्ठ्याहत्तर. म्हाताऱ्या सिप्रियानोची दोन्ही घरं धरून."

"त्याच्या एका घरात तर कोंबड्या राहतात."

"म्हणून तर म्हणतो, धरून."

दोघंही हसली. मग क्रिसांतोनं मान वळवली. दारातून पूर्वेचा डोंगर दिसत होता, तिकडे बघत राहिला. बियांगच्या लक्षात आलं. तिचं मुसळ थांबलं.

"नाही," ती म्हणाली.

"वर पंचवीसेक चुली असतील. ऐकलंय मी."

"अठरा वर्षांत तुम्ही त्याचं नाव काढलं नाहीत."

"आज काढतोय. उर्बानो. तुझा भाऊ. झालं?"

उर्बानो तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. विशीत असताना त्याला वेठीला धरून नेलं होतं. जंगलात झाडं तोडायची, ओंडके ओढत नदीपर्यंत आणायचे, तिथून ते कावितेच्या गोदीत जायचे, राजाच्या जहाजांसाठी. चाळीस दिवसांची वेठ. चाळिसाचे सात महिने झाले. एका उतारावर ओंडका सुटला आणि त्याच्या जोडीदाराच्या अंगावरून गेला. मुकादमानं मढं बाजूला ओढायला लावलं आणि दोर पुन्हा खांद्यावर घ्यायला सांगितलं. त्या दुपारी उर्बानो पाणी प्यायला म्हणून ओढ्यावर गेला तो परत आलाच नाही. पळालेला माणूस घरी येऊ शकत नाही. तो डोंगरावर राहिला. त्याच्यामागून आणखी गेले. बायका गेल्या, तिथंच मुलं झाली. कुणाच्या दप्तरात त्यांची नावं नव्हती.

"काय सांगू त्याला?" बियांगनं विचारलं.

"काहीही सांग. खाली तर येऊ दे. पुढचं पुढे बघू."

'काहीही' हा शब्द तिच्या कानाला लागला. पण तिनं तो तसाच जाऊ दिला. आईची ती तीन दिवसांची आठवण त्याहून मोठी होती.

वर जायला तिच्याबरोबर थोरला मुलगा होता, इलारियो. बावीस वर्षांचा, अंगानं किरकोळ. पाद्रीकडे राहून लिहायला-वाचायला शिकलेला. काबेसाचा मुलगा म्हणून वेठीतून सुटलेला. त्याच्या पाठीवर मीठ आणि खारवलेली मासळी होती, कारण डोंगरावर मीठ मिळत नाही हे बियांगला माहीत होतं. सबंध दिवस चढण. वाटेत जळवा लागल्या. संध्याकाळच्या आत जाळून केलेली शेतं दिसली, काळ्या खुंटांमधून हिरवा भात, आणि मग झोपड्या.

उर्बानो एका ओंडक्यावर बसून वेत सोलत होता. त्यानं वर बघितलं. उठला नाही.

"ताई, जाड झालीस," तो म्हणाला.

"आणि तू वाळलास. खायला घालत नाही का कुणी?"

"बायको घालते. पण मीठ नसतं त्यात."

"आणलंय."

मग मात्र तो उठला आणि त्यानं तिचा हात कपाळाला लावला, थोरल्यांचा लावतात तसा. बराच वेळ धरून ठेवला. इलारियोकडे बघून म्हणाला, "हा कोण? हा तर गुडघ्याएवढा होता."

"मामा, आता तुमच्या खांद्याएवढा आहे."

"खांदा जप," उर्बानो म्हणाला. "खाली खांद्याचीच किंमत असते."

रताळी आणि रानडुकराचं मटण खाऊन झाल्यावर, अजून उजेड होता तेव्हाच, बियांगनं विषय काढला. पंचवीस-तीस माणसं भोवती येऊन बसली. तिनं आडपडदा ठेवला नाही. बावीस घरं कमी पडतात. तुम्ही आलात तर गाव होईल. आपला पाद्री, आपली चावडी, आपलं कब्रस्तान. सान रोमानची कामं बंद. जुनं पळणं माफ, तसं कागदात लिहिलंय.

"कागदात सगळं असतं," एक तरुण म्हणाला. त्याचं लग्न उर्बानोच्या मुलीशी नुकतंच झालं होतं. "वेठ आहे की नाही ते सांगा, आत्याबाई."

"वेठ आहे. गावाचं काम करावं लागेल. चर्च बांधायचं, रस्ता काढायचा."

"ते करू," उर्बानो म्हणाला. "घर बांधायला मला भीती नाही. मी एकच विचारतो. कावितेची लाकडं?"

 एका बाईनं रडणाऱ्या मुलाच्या तोंडात बोट दिलं.

"ती नाही," बियांग म्हणाली.

"शब्द कुणाचा? दाजींचा की तुझा?"

क्रिसांतोनं असा काही शब्द दिला नव्हता. तो म्हणाला होता, काहीही सांग. हे सांगायला तिला एक क्षण मिळाला होता, आणि तो तिनं जाऊ दिला.

"माझा," ती म्हणाली.

उर्बानोनं तिच्याकडे बघितलं. "तुझा असेल तर ठीक," तो म्हणाला आणि वेत सोलायला लागला.

महिन्याभरात सव्वीस घरं खाली आली. कोंबड्या, कुत्री, मधमाश्यांच्या मेणाचे गोळे, भाताचं बी, म्हाताऱ्या पाठीवर घेतलेल्या. मोजणीला आलेल्या कारकुनानं एकेकाला उभं करून नावं लिहिली. ज्यांना बाप्तिस्म्याचं नाव नव्हतं त्यांना सान रोमानच्या पाद्रीनं तिथल्या तिथे दिलं. उर्बानोच्या जावयाला ब्लास हे नाव मिळालं. तो दोन दिवस त्या नावानं हाक मारली तरी वळून बघत नव्हता. सिप्रियानोच्या कोंबड्यांचं घर शेवटी लागलंच नाही. ते गाळूनही पाचशेतीन भरले.

पाऊस संपता संपता हुकूम आला. अल्काल्देचा माणूस घोड्यावरून आला. प्रांताच्या त्या अधिकाऱ्याचा कागद त्यानं मोठ्यानं वाचला, स्पॅनिशमध्ये, आणि इलारियोनं तो लोकांच्या भाषेत सांगितला. मग दोरी धरून चौक मापला. चर्चची जागा, चावडीची जागा, चार सरळ रस्ते. मध्ये क्रूस रोवला. क्रिसांतोच्या हातात अधिकाराची वेताची काठी दिली, आणि काबेसा क्रिसांतोचा कापितान क्रिसांतो, सबंध गावाचा प्रमुख, झाला. बायका रडल्या. बियांगही रडली. कब्रस्तानासाठी नदीपासून उंचावर जागा आखली होती. ती सगळ्यांच्या मागे राहून एकटीच तिथे जाऊन उभी राहिली.

डोंगरवाल्यांना जागा मिळाल्या त्या गावाच्या टोकाला, दलदलीच्या कडेला. उर्बानो म्हणाला, "बेडूक आहेत. रात्री एकटं वाटणार नाही." त्यानं घर बांधलं, पुढं नारळ लावले. पुढची दोन वर्षं त्या लोकांनी चर्चचे खांब उभे केले, ओढ्यावर पूल बांधला. गावातले लोक त्यांना 'वरचे' म्हणत आणि माडी प्यायला बसले की त्यांच्या बोलण्याची नक्कल करत. पण चर्चच्या छपराचं आढं चढवायची वेळ आली तेव्हा उर्बानोलाच बोलावलं, आणि त्यानं ते एकही दोर न तुटता चढवलं.

तिसऱ्या वर्षी कोरडा ऋतू लागला आणि कावितेहून मागणी आली. एक मोठं जहाज बुडालं होतं, नवं बांधायचं होतं. आतापर्यंत नवं गाव म्हणून कालुम्पांगला सूट होती, ती संपली. तीस माणसं, चार महिने.

रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दवंडीवाल्यानं नावं वाचली. बियांग बायकांमध्ये उभी होती. घरी तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिलं नाव, दुसरं, पाचवं. आठव्या नावाला तिनं मोजायला सुरुवात केली. तिसांपैकी एकोणीस 'वरचे' होते. सोळावं नाव उर्बानोचं होतं. तो लांब, चर्चच्या कोपऱ्याला टेकून उभा होता. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. बायकोला म्हणाला, "चला," आणि दोघं दलदलीच्या रस्त्यानं चालू लागली.

घरी क्रिसांतो जेवायला बसला होता. बियांगनं त्याच्यापुढे भात ठेवला आणि समोर उभी राहिली.

"एकोणीस," ती म्हणाली.

"त्यांना जंगल माहीत आहे."

"मी शब्द दिला होता."

"तू दिलास. मी नाही."

"तुम्ही म्हणालात काहीही सांग."

"मग सांगितलंस ना? गाव झालं ना?" त्यानं घास खाली ठेवला. "ऐक, बियांग. जुन्या घरांतली माणसं पाठवली तर उद्या ती अल्काल्देकडे जातील, आम्हाला सान रोमानला जोडा म्हणतील. सिप्रियानो टपलाच आहे. गाव मोडेल. तुझ्या भावाकडे शेत नाही, कुळं नाहीत. तो गेला तर चार महिने नारळांना पाणी कोण घालणार, एवढाच प्रश्न. मला हे आवडतं असं वाटतं तुला?"

तो वाईट माणूस नव्हता, हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारातून ठाऊक होतं.  पण हातात काठी आल्यापासून तो आधी गावाचा विचार करायचा आणि मग माणसांचा.

ती तशीच निघून उर्बानोकडे गेली. तो पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता.

"वर निघून जा," ती म्हणाली. "आजच. मी कुणाला सांगणार नाही."

"आता कसं जाऊ, ताई? पूर्वी मी हरवलेला होतो. आता माझं नाव लिहिलेलं आहे. शोधायला शिपाई येतील. आणि पोरीला सातवा महिना आहे. ब्लासचंही नाव आहे यादीत."

"मला शिव्या तरी दे."

"कशाला? मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की शब्द एकट्या तुझाच आहे." त्यानं धारेवर अंगठा फिरवला. "तरी आलो. आईला पुरायला मी नव्हतो. वाटलं, निदान तुझ्याजवळ राहीन."

यापेक्षा त्यानं कोयता फेकून मारला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीत गावची मोठी माणसं बसली होती, माणसं कधी निघणार ते ठरवायला. बायकांनी तिथे जायचा रिवाज नव्हता. बियांग शिडी चढून आत गेली. क्रिसांतो मध्ये, काठी मांडीवर. बाजूला इलारियो लिहायला बसलेला. सिप्रियानो विडा चघळत होता.

"कापितानीणबाई, वाट चुकलात?" तो म्हणाला. "स्वयंपाकघर तुमच्या घरी."

"यादी बदला," ती म्हणाली. "ही एकोणीस माणसं माझ्या शब्दावर खाली आली. ती नसती तर ही चावडी नसती, आणि तुम्ही आज सान रोमानला कुणाच्या तरी पायऱ्या झाडत असता, सिप्रियानोकाका. चिठ्ठ्या टाका. सगळ्या घरांच्या. तुमच्यासुद्धा."

"आमच्या? काबेसांच्या मुलांना सूट आहे. राजाची."

"सूट घेतलीच पाहिजे असं राजानं सांगितलेलं नाही."

"बोलायला काय जातं," सिप्रियानो हसला आणि बाजूच्यांकडे बघितलं. "तुमचा मुलगा तर इथे सावलीत बसलाय. शाईनं हात काळे झालेत, तेवढेच."

सगळे हसले. बियांगच्या डोक्यात काय आलं ते तिला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही. तिनं मुलाला विचारलं नव्हतं. त्याच्याशी त्या विषयावर एक शब्दही झाला नव्हता.

"पहिलं नाव त्याचं लिहा," ती म्हणाली. "इलारियो. चिठ्ठी न टाकता."

हसू थांबलं. क्रिसांतो उठून उभा राहिला. "बियांग!"

इलारियोचा बोरू कागदावर टेकलेला होता. शाईचा डाग पसरत गेला. त्यानं आईकडे बघितलं. ती नजर तिला मरेपर्यंत विसरता आली नाही. त्यात राग नव्हता, लहान मुलाला झोपेतून उठवल्यावर असतं तसं काहीतरी होतं. मग त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं.

"लिहिलं," तो म्हणाला.

त्यापुढे कुणाला नाही म्हणता येईना. कापितानाचा मुलगा जातो म्हटल्यावर आपला कसा लपवायचा? दुपारी चौकात मातीच्या घागरीत चिठ्ठ्या टाकल्या. पाद्रीनं हात घालून एकेक काढली. सिप्रियानोच्या धाकट्या मुलाची निघाली, म्हातारा भर चौकात मटकन बसला. 'वरच्यां'तले सहाजण निघाले. उर्बानो सुटला. ब्लास मात्र निघाला.

जायच्या आदल्या दिवशी उर्बानो इलारियोला घेऊन ओढ्याकाठी गेला. बियांग लांबून बघत होती. तो त्याला उतारावर उभा करून शिकवत होता, दोर कसा धरायचा, ओंडके ओढणारे रेडे थांबले की आधी दोर सोडायचा, ओंडक्याच्या खालच्या अंगाला कधीच उभं राहायचं नाही. इलारियो हुशार विद्यार्थ्यासारखा माना हलवत होता.

चार महिन्यांचे सहा झाले. पहिल्या पावसाबरोबर माणसं परतली. तीस गेली होती, सव्वीस आली. दोन तापानं गेली, दोन ओंडक्याखाली. इलारियो आला. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. बियांगनं त्याला जवळ घेतलं तेव्हा तो लाकडासारखा उभा राहिला.

ब्लासला दोघांनी धरून आणलं होतं. त्याचा डावा गुडघा वाकत नव्हता.

काय झालं ते तिला मुलाकडून कळलं नाही. तिसऱ्या दिवशी उर्बानोनं सांगितलं. त्याच्याही तोंडून ते ओढून काढावं लागलं.

"त्याला लिहिता-वाचता येतं म्हणून मुकादमानं त्याच्या हातात काठी दिली, ताई. आपल्या तीस माणसांवर. दिवसाला ओंडके पुरे झाले नाहीत तर मारायचं. त्यानं नाही मारलं तर मुकादमाचे दोघं येऊन मारायचे, आणि ते हाडं मोडायचे. मग तो मारायला लागला. ब्लासला त्यानंच मारलं."

"माझ्या मुलानं?"

"ब्लास म्हणतो, हलक्या हातानं मारायचा प्रयत्न करायचा. एकदा नेम चुकला." उर्बानोनं तिच्याकडे बघितलं. "ब्लासचा राग नाही. कुणाचाच नाही. तेच त्याला सोसत नाहीये."

खरंच कुणी काही बोललं नाही. रस्त्यात इलारियो दिसला की माणसं टोपी काढायची, पूर्वी काढत नव्हती ती सुद्धा. सिप्रियानोच्या धाकट्यानं त्याला एक कोंबडा आणून दिला. इलारियो चावडीत जाईना. बोरू हातात घेईना. ब्लासच्या शेतात पहाटेच जाऊन चिखलणी करून यायचा आणि कुणी उठायच्या आत परतायचा. एके दुपारी बियांग त्याच्याजवळ बसली.

"मी तुला विचारलं नाही," ती म्हणाली. "चावडीत. आधी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी मी हो म्हटलं असतं."

"तरी विचारायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. मग नखातला चिखल काढत म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी मुकादम पुन्हा मलाच मागणार. नावानं सांगून पाठवणार. मला काम येतं म्हणाला."

पुढच्या वर्षीची मागणी आली. चौकात पुन्हा घागर ठेवली गेली. कापितानानं ती बंद करायचा विचारही केला नाही. त्या मुलखात बाकी कुठल्याच गावात मोठ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकत नसत. कालुम्पांगमध्ये ती रीत पडली ती पडली. मागणीच्या कागदात खाली एक ओळ होती: इलारियो नावाच्या माणसाला न चुकता पाठवावे.

त्या आठवड्यात इलारियो दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर आणखी तिघं. दोन 'वरचे', एक जुन्या घरातला.

फरारी माणसांची नावं रविवारी मिस्सेनंतर वाचायची असा नियम होता. दवंडीवाला कागद घेऊन आला तेव्हा क्रिसांतोनं हात पुढे केला.

"आण इकडे."

"कापितान, मी वाचतो ना," तो बिचारा म्हणाला.

"दुसऱ्यांच्या मुलांची नावं दरवेळी माझ्या काठीखाली वाचली जातात. आण."

पायऱ्यांवर उभा राहून त्यानं वाचलं. तीन नावं एका सुरात. मग चौथं. "इलारियो. कापितान क्रिसांतोचा थोरला मुलगा. राजाच्या वेठीतून पळालेला. जो कुणी त्याला आसरा देईल तो गुन्हेगार." सिप्रियानो पहिल्या ओळीत होता. त्यानं मान खाली घातली. उर्बानोनं टोपी काढून छातीशी धरली. क्रिसांतोनं कागदाची घडी घातली, दवंडीवाल्याला दिली आणि घराकडे चालू लागला. काठी टेकत नव्हता, काखेत धरली होती.

बियांग मागून आली. तो तक्तपोशीवर पाय सोडून बसला होता. तिनं भात वाढला, मासळी वाढली. त्यानं हात लावला नाही. गेल्या वर्षभरात दोघं फक्त कामाचं बोलली होती. माशी बसली, तिनं वारली.

"सव्वीस घरं खाली आणली आपण," तो म्हणाला. "आणि आपलं एक वर गेलं."

तिनं पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"शिपाई जातील शोधायला. मी त्यांना उत्तरेची वाट सांगितली आहे." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "तिकडे कुणी नाही."

तेव्हा ती त्याच्याजवळ, खांद्याला खांदा लागेल अशी बसली.  खाली अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

"वर थंडी असते का गं?" त्यानं विचारलं.

"पहाटेची असते."

"त्याच्याजवळ पांघरूण—"

"दिलंय," बियांग म्हणाली. "जाड."

क्रिसांतो तिच्याकडे वळला. काहीतरी विचारणार होता. मग त्यानं ताट ओढलं आणि पहिला घास घेतला.